पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही: एका डेस्कटॉपच्या बिघाडाचा तपास

तक्रार अशी: कार्यालयातला सातेक वर्षं जुना डेस्कटॉप सकाळी पहिल्या बटणाला सुरू होत नाही. बटण दाबलं की समोरचा दिवा लागतो, पंखे फिरतात, मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. बटण दाबून धरून बंद करायचं, पुन्हा दाबायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला डिस्प्ले येतो. एकदा आला की त्या दिवशी कितीही वेळा बंद-चालू करा, काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

याच्या जोडीला आणखी तीन कुरबुरी होत्या. तारीख-वेळ अधूनमधून मागे जायची आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणायचा. प्रिंट दिली की कधीकधी संगणक रीस्टार्ट व्हायचा. आणि बॅकअपची पोर्टेबल हार्ड डिस्क पुढच्या यूएसबीला लावली की ती टकटक आवाज करून गायब व्हायची.

आधीचे उपाय नेहमीचेच. रॅम काढून खोडरबराने घासली, तेवढ्यापुरतं चाललं. मग 4 जीबीची दुसरी रॅम घातली. व्हीजीए केबल बदलली. दोनदा फॉरमॅट मारला. ‘आता बोर्डच गेलाय’ असा निष्कर्ष निघाला, तेव्हा हे यंत्र तपासाला आलं.

आत काय आहे ते आधी पाहू. सहाव्या पिढीचा कोअर आय3 प्रोसेसर (51 वॅट), एच110 चिपसेटचा मदरबोर्ड, 4 जीबीच्या दोन डीडीआर4 रॅम, 1 टीबीची 7200 आरपीएम हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि कॅबिनेटसोबतच आलेला, ‘450 वॅट’ छापलेला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. बाहेर 19 इंची मॉनिटर, यूएसबी कीबोर्ड-माउस, लेझर प्रिंटर आणि 600 व्हीएचा यूपीएस. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला टेकलेली. रात्री जाताना मेन स्विच बंद.

शेवटच्या दोन गोष्टी तक्रार सांगताना कोणी बोललं नव्हतं. पण सगळा उलगडा त्यांच्यापासूनच होतो.

काय होतं यापेक्षा केव्हा होतं

चार तक्रारींसाठी चार भाग संशयित धरले, तर रॅम, घड्याळाचा सेल, प्रिंटर आणि पोर्टेबल डिस्क अशी यादी तयार होते आणि चारही भाग बदलूनही, घड्याळ सोडलं तर, यंत्र तसंच राहतं. वेळ पाहिली तर वेगळं दिसतं. सुरू न होणं फक्त रात्रभर थंड पडल्यावर. रीस्टार्ट फक्त प्रिंटर तापतानाच. डिस्क गायब होते ती फक्त मोटर फिरायला लागण्याच्या क्षणी. प्रत्येक वेळी कुठे ना कुठे विजेची मागणी अचानक वाढते किंवा पुरवठा अजून स्थिरावलेला नसतो. सॉफ्टवेअरचा बिघाड गारठा आणि ऊब ओळखत नाही.

तरी फॉरमॅटचा मुद्दा कायमचा निकालात काढायला विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ‘सिस्टिम’ नोंदींत इव्हेंट आयडी 41, स्रोत कर्नेल-पॉवर, अशा बऱ्याच नोंदी होत्या. ही नोंद फक्त एवढंच सांगते की आधीचं सत्र नीट बंद झालेलं नाही. कामाची माहिती तपशिलात असते: सगळीकडे बगचेक-कोड 0. विंडोज स्वतः कोसळली असती, म्हणजे निळा पडदा आला असता, तर तिथे सहसा त्या चुकीचा कोड मिळाला असता. 0 याचा अर्थ विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. अशी नोंद प्लग उपटल्यासारखी वीज गेली की होते, किंवा यंत्र पूर्ण गोठून कोणी बटण दाबून बंद केलं की होते. विंडोज चालू असताना इथे कोणी बटण दाबलेलं नव्हतं.

तापमान हा दुसरा सोपा संशयित. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणारा, बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) प्रोसेसर चाळिशीत, कामाच्या ताणाखाली 70 अंश सेल्सिअसच्या आत. कूलरच्या चारही पिना बोर्डात नीट बसलेल्या. तिथे थांबायचं कारण नव्हतं.

रॅमविना बीप

‘पंखे फिरतात म्हणजे वीज येतेय, म्हणजे एसएमपीएस ठीक’ हा समज तंत्रज्ञांमध्येही पक्का बसलेला आहे, आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला. पंखा 12 व्होल्टवर फिरतो आणि 9-10 व्होल्ट मिळाले तरी फिरतो. प्रोसेसरचं तसं नाही. एसएमपीएस सुरू झाल्यावर आपल्या वाहिन्यांचे (12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या वेगवेगळ्या पुरवठ्यांचे) व्होल्टेज मर्यादेत आले की नाही ते पाहतो, आणि आले तरच करड्या तारेवरून ‘पॉवर गुड’ हा सुमारे 5 व्होल्टचा संकेत बोर्डाला देतो. याला साधारण 100 ते 500 मिलिसेकंद लागतात. तो संकेत मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये अडवून ठेवतो. म्हणजे दिवा लागलेला, पंखे फिरताहेत आणि प्रोसेसरने एकही सूचना वाचलेली नाही, अशी स्थिती अगदी शक्य आहे.

हे तपासायला महागडं उपकरण लागत नाही. चार पिनांचा छोटा बझर पुरतो. बऱ्याच कॅबिनेटांत हल्ली तो नसतोच, बोर्डावर ‘स्पीकर’ लिहिलेल्या पिनांवर वेगळा लावावा लागतो. संध्याकाळी काम संपल्यावर दोन्ही रॅम काढून ठेवल्या, हार्ड डिस्क आणि डीव्हीडीच्या पॉवर केबली काढल्या, कीबोर्ड-माउससह बाहेरचं सगळं सोडवलं. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, एसएमपीएस आणि बझर एवढंच उरलं. ही तयारी आदल्या संध्याकाळीच करायची. सकाळी यंत्र उघडून, चाचपडून मग चाचणी घेतली तर थंड स्थितीतली पहिली खेप हातची जाते.

रॅम नसलेल्या धडधाकट बोर्डाने बीप देऊन ओरडायलाच हवं. सकाळी पहिल्या बटणाला पंखे फिरले, बीप नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा लांब लांब बीप सुरू झाले. बिघाड रॅम तपासण्याच्या पायरीपर्यंत पोचतच नव्हता. रॅम कॅबिनेटच्या बाहेर असतानाही तो जसाच्या तसा दिसला. रॅम निर्दोष.

मग रॅम घासल्यावर चालू का व्हायचं? कारण रॅम काढायची वेळ येईपर्यंत बटण दोन-तीनदा दाबून झालेलं असायचं आणि एसएमपीएस आतून तेवढा तापलेला असायचा. पुढच्या खेपेला तो तसाही चालू झाला असता. श्रेय खोडरबराला गेलं. (रॅमच्या सोनेरी पट्ट्या पुसायच्याच असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं कापड वापरावं. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो आणि मुलामाही घासला जातो.)

मल्टिमीटरने मोजमाप

एसएमपीएस बाहेर काढून हिरवी आणि काळी तार जोडायची आणि पंखा फिरला की ‘पास’ म्हणायचं, ही चाचणी इथे निरुपयोगी आहे. तिच्यात भार नसतो. मोजायचं ते बोर्डाला जोडलेल्या अवस्थेत. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावायचा. 24 पिनांच्या कनेक्टरमध्ये मागून, तारेच्या कडेने लाल प्रोब घालायचा. प्रोबचं टोक दोन पिनांना एकदम टेकू द्यायचं नाही. रंग असे: पिवळी 12 व्होल्ट, लाल 5, नारिंगी 3.3, जांभळी 5 व्होल्ट स्टँडबाय, करडी पॉवर गुड. सगळ्या तारा काळ्याच असतील तर पिना मोजाव्या लागतात: 8 वी पॉवर गुड, 9 वी स्टँडबाय, 10 वी आणि 11 वी 12 व्होल्ट.

डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या एटीएक्स मानकात या वाहिन्यांना 5 टक्के सूट आहे. म्हणजे 12 व्होल्टची वाहिनी 11.40 ते 12.60 मध्ये, 5 ची 4.75 ते 5.25 मध्ये, 3.3 ची साधारण 3.14 ते 3.47 मध्ये हवी.

थंड यंत्रात, बटण दाबण्यापूर्वीच, जांभळ्या तारेवर 4.58 व्होल्ट मिळाले. स्टँडबाय वाहिनी मेन चालू झाल्यापासून जागी असते आणि बटणाचा संकेत तिच्याच जिवावर चालतो, तीच मर्यादेखाली. बटण दाबल्यावर पिवळी 11.1 ते 11.3 मध्ये हेलकावत राहिली, नारिंगी 3.05 वर अडकली आणि करडी तार शून्याच्या आसपासच. तिसऱ्या खेपेला पिवळी 11.6, नारिंगी 3.2, करडी 4.9, आणि त्याच क्षणी बीप. तासाभराने जांभळी 4.86 वर पोचली होती. दुपारी मोजणाऱ्याला हाच एसएमपीएस ‘ओके’ दिसला असता.

थंडीत बिघडणं आणि तापल्यावर सुधारणं ही म्हाताऱ्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरची खूण. कॅपॅसिटर म्हणजे विजेची लहान टाकी. धडधडत येणारा पुरवठा ती सपाट करते. आतलं द्रव वर्षानुवर्षं वाळत गेलं की तिची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. थंडपणी हा रोध सर्वांत जास्त असतो, तापल्यावर उतरतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा कॅपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. बंद कप्प्यात, भिंतीला पाठ लावून बसलेल्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढत होता. जाळीतून टॉर्च मारल्यावर आतल्या दोन कॅपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली.

जाळीतूनच पाहायचं. एसएमपीएस उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वरचा डीसी दाब बराच वेळ टिकू शकतो.

बोर्डावरच्या वीज-विभागातही हीच लक्षणं दाखवणारा बिघाड असू शकतो, त्यामुळे नुसत्या मोजमापावर निकाल दिला नाही. खात्रीचा एसएमपीएस कॅबिनेटबाहेर ठेवून 24 पिनांची आणि प्रोसेसरची 4 पिनांची अशा दोनच केबली जोडल्या आणि रात्रभर मेन बंद ठेवला. सकाळी पहिल्या बटणाला बीप. रॅम परत बसवल्यावर पहिल्या बटणाला डिस्प्ले. बोर्ड संशयातून सुटला.

प्रिंटर आणि यूपीएस

प्रिंटरचा आणि रीस्टार्टचा संबंध यूएसबी केबलीतून शोधायचा मोह होतो, ड्रायव्हरही बदलून पाहिले जातात. संबंध होता तो पॉवर केबलीतून: प्रिंटर, मॉनिटर आणि संगणक तिघंही एकाच यूपीएसवर.

लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर वितळवून बसवणारा फ्यूजर असतो. तो तापायला लागतो त्या क्षणी कार्यालयीन प्रिंटर सहज 800 ते 1000 वॅट ओढतो, मग सुटतो, मग पुन्हा ओढतो. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटचा. प्रिंट दिल्यावर काय होतं ते कान देऊन ऐकलं: आधी यूपीएसमधून ‘खट’, मॉनिटर क्षणभर मिचकावतो, संगणक रीस्टार्ट. फ्यूजरच्या झटक्याने यूपीएसकडे येणारा दाब खाली जातो, यूपीएसला वाटतं वीज गेली, तो बॅटरीवर उडी मारतो आणि बॅटरीवर गेल्यावर झेपेनाशा भाराने वाकतो.

या उडीला साध्या ऑफलाइन यूपीएसमध्ये 4 ते 10 मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस तेवढा काळ स्वतःच्या साठ्यावर काढतो. त्याच्याकडून साधारण 16 मिलिसेकंदांची अपेक्षा असते. साठा त्याच वाळलेल्या कॅपॅसिटरांत, म्हणून इथे तो पुरत नव्हता. खात्री करायला प्रिंटर पूर्ण बाजूला ठेवला, सगळं काम सेव्ह केलं, संगणक चालू असताना यूपीएसचा भिंतीतला प्लग काढला. जुन्या एसएमपीएसवर संगणक रीस्टार्ट झाला, बदलीच्या एसएमपीएसवर चालत राहिला.

म्हणून इथे दुरुस्त्या दोन आहेत आणि एकीने दुसरीचं काम भागत नाही. फक्त एसएमपीएस बदलला तर प्रिंटर यूपीएसला रडवतच राहील आणि एखाद दिवशी यूपीएस पूर्ण बंद पडून मॉनिटरसकट सगळं जाईल. प्रिंटर थेट भिंतीच्या स्वतंत्र सॉकेटवर लावला, एक्स्टेंशन बोर्डावरही नाही. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नये असं बहुतेक प्रिंटरांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं. ते पान उघडलं जात नाही, ही गोष्ट वेगळी.

सेल, आणि न लागलेला फॉरमॅट

बोर्डावरचा सीआर2032 सेल 3 व्होल्टचा असतो, नवा 3.1-3.2 दाखवतो. इथे 2.41 भरला. 2.7 च्या खाली गेलेला सेल ठेवून उपयोग नाही. मेन चालू असेपर्यंत घड्याळ स्टँडबाय विजेवर चालतं, सेल फक्त मेन बंद असतानाच कामाला लागतो; रोज रात्री स्विच बंद करणाऱ्या ठिकाणी म्हणूनच तो लवकर संपतो.

सेल संपला की घड्याळाबरोबर बायोसच्या सेटिंगही मूळपदावर जाऊ शकतात. या यंत्रात विंडोज जुन्या ‘लेगसी’ बूट पद्धतीने टाकलेली होती आणि बोर्डाची मूळ सेटिंग ‘युईएफआय’ या नव्या पद्धतीची. सेटिंग उडाली की पडद्यावर ‘बूट डिव्हाइस नाही’ यायचं, आणि त्यावर तोडगा म्हणून फॉरमॅट झाला. हार्ड डिस्कवर विंडोज शाबूत होती, बायोसमध्ये एक ओळ बदलायची होती. सेल बदलण्यापूर्वी बूट मोड, बूटचा क्रम आणि साटा मोड (बोर्डाची हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत) यांचे फोनवर फोटो काढून ठेवावेत. साटा मोड एएचसीआयचा दुसरा काही झाला तरी विंडोज उघडताना निळा पडदा येऊ शकतो.

बदल करताना

नवा एसएमपीएस निवडताना डब्यावरचे वॅट नव्हे, लेबलवरचे 12 व्होल्टचे अँपिअर पाहायचे. जुन्या ‘450 वॅट’च्या लेबलवर 12 व्होल्टला 14 अँपिअर होते, म्हणजे 168 वॅट. या यंत्राची गरज तरीही त्याच्या आतच: प्रोसेसर 51, बोर्ड आणि रॅम 25-30, हार्ड डिस्क चालताना 6-8 आणि सुरू होताना काही सेकंद 20-25, डीव्हीडी 15-20, पंखे प्रत्येकी 2-3. एकूण 130 वॅटच्या आसपास. तेव्हा जुना लहान पडला नाही, संपला. 12 व्होल्टला 30 अँपिअर देणारा, 80 प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) मिळालेला, 105 अंशांपर्यंत चालणारे कॅपॅसिटर असलेला 400 वॅटच्या वर्गातला एसएमपीएस इथे भरपूर आहे. 600-700 वॅटचा घेण्यात अर्थ नव्हता.

प्लग काढून पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. केबलींचा फोटो घेतला. 24 पिनांच्या कनेक्टरची खिटी दाबून तो सरळ वर ओढायचा. डावीकडे-उजवीकडे हलवत काढला तर बोर्ड वाकतो. मागचे चार स्क्रू, जुना बाहेर, नवा आत, पंख्याचं तोंड मोकळ्या हवेकडे. प्रोसेसरची 4 पिनांची केबल विसरायची नाही: ती राहिली तर पुन्हा पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही, आणि माणूस चक्रावतो. नवा एसएमपीएस सुट्या केबलींचा असेल तर त्याच्याच केबली वापरायच्या. कनेक्टर सारखा दिसला तरी पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग हार्ड डिस्क जळते.

बसवल्यावर थंड स्थितीत पुन्हा मोजलं: स्टँडबाय 5.06, 12 ची वाहिनी 12.08, ताणाखाली 12.01.

पोर्टेबल डिस्कचं मात्र पूर्ण समाधान झालं नाही. जुन्या एसएमपीएसवर तिची मोटर सुरू होताना पुढच्या पोर्टवर 4.61 व्होल्ट उरायचे. नव्यावर मागच्या पोर्टला 5.02, पुढच्याला 4.83. आता डिस्क चालते, पण कॅबिनेटच्या बारीक तारांत वाया जाणारा दाब दिसतोच. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअरचा, 3.0 चा 900 चा. अशा डिस्कची मोटर सुरू होताना त्याहून जास्त मागते. बॅकअप मागच्या निळ्या पोर्टवरूनच घ्यावा.

वीज अशी वारंवार तुटली की सर्वांत जास्त सोसते हार्ड डिस्क, म्हणून शेवटी तिच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामात पाहिल्या. 199 क्रमांकाची सीआरसी चुकांची नोंद शून्य, म्हणजे साटा केबल ठीक. 192, अचानक वीज जाऊन हेड मागे घेतल्याची नोंद, यंत्राच्या वयाच्या मानाने फार मोठी. 5 वर (खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे) शून्य, पण 197 वर 8: आठ सेक्टर वाचता येत नाहीत आणि अजून बदललेले नाहीत. लिहिता लिहिता वीज गेली तरी असं होतं, पृष्ठभाग खराब झाला तरीही. आधी पूर्ण बॅकअप घेतला, मग विंडोजचं डिस्क तपासणारं ‘चेकडिस्क’ पूर्ण तपासणीसह चालवलं. त्यानंतर 197 शून्यावर आलं आणि 5 वाढलं नाही, म्हणजे ते सेक्टर अर्धवट लिहिलेलेच होते. महिनाभराने या दोन नोंदी पुन्हा पाहायच्या. 5 हलायला लागला तर डिस्क बदलायची आणि तिच्या जागी एसएसडी घालायचा. नंतर घातलेली दुसरी रॅम मेमटेस्ट86 या रॅम तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये एकही चूक न दाखवता पार पडली, ती आहे तिथेच ठेवली आहे. कॅबिनेट कप्प्याबाहेर, भिंतीपासून वीतभर अंतरावर.